ज्वालामुखीच्या खडकावर एक रात्र: बेळगावजवळ तंबू नेमका कुठे लावावा?

माळावरची_वाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

येत्या नोव्हेंबरात टिळकवाडी आणि शहापूर भागातली आम्ही चार कुटुंबे मिळून एक रात्र उघड्यावर काढण्याच्या विचारात आहोत. एकूण तेरा माणसे आहेत, त्यांत सहा मुले, आणि सर्वांत धाकटे आठ वर्षांचे. शाळेच्या पुस्तकात दख्खनच्या पठाराचा धडा असतो, परंतु आपले बेळगाव त्या लाव्हाच्या पठाराच्या अगदी दक्षिण काठावर वसले आहे, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. पायाखालचा काळा फत्तर कधीकाळी वितळलेल्या स्थितीत वाहत आला होता, हे त्यांनी तो खडक हाताने चाचपून समजून घ्यावे आणि त्याच्या सोबतीने एक रात्र काढावी, एवढीच इच्छा आहे.

जागा विचारण्याआधी गेल्या वर्षीचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हा धागा त्याच्यामुळेच काढला आहे. गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जांबोटीच्या पुढे एका खासगी मालकीच्या सड्यावर, मालकाला रीतसर विचारून, आम्ही दोन तंबू लावले होते. सडा म्हणजे जांभ्याचे सपाट, उघडे पठार. जागा इतकी मोकळी आणि समतल होती की तंबूसाठीच घडवली असावी असे वाटले. पहिली खुंटी दोन बोटेही आत गेली नाही. मग आम्ही दोऱ्यांना दाब म्हणून दगड गोळा करू लागलो. तिसरा की चौथा दगड उचलला तेव्हा त्याखाली वेटोळे घालून बसलेले फुरसे दिसले. दगड उचलणारा हात माझ्या बारा वर्षांच्या मुलाचा होता. सुदैवाने काही झाले नाही, पण ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडून परतीचा पाऊस आला. त्या सड्यावर आमच्या तंबूंपेक्षा उंच असे काहीही नव्हते, आणि विजा चमकू लागल्यावर या गोष्टीचा अर्थ कळला. मुलांना घेऊन आम्ही भर पावसात गाडीत जाऊन बसलो. खडकात पाणी मुरायला वेळच मिळत नव्हता. ते बोटभर उंचीच्या पापुद्र्यासारखे तंबूखालून वाहत राहिले.

सकाळी तंबू उचलले तेव्हा प्रत्येकाखाली तपकिरी चौकट उरली होती. चौकटीच्या बाहेर सीतेची आसवे दवाने भरून निळीजांभळी उभी होती, मध्ये मध्ये गेंदाची पांढरी बोंडे होती, आणि चौकटीच्या आत सगळे चिखलात चेपलेले होते. मी तिथली माती बोटाने खरवडून पाहिली. नखाच्या जाडीएवढा थर निघाला आणि त्याखाली लगेच जांभा लागला. एवढ्याशा मातीवर ते अख्खे फुलांचे रान उभे होते आणि आम्ही त्यावर सतरंजी अंथरून जेवलो होतो.

म्हणून माझे मत असे बनले आहे की सडा हा चालत जाऊन पाहण्याचा आहे, मुक्कामाचा नाही. मात्र मुक्काम मग कुठे करावा, पाणी कुठे मिळेल, परवानगी कोणाची लागेल आणि नोव्हेंबरात मुलांना घेऊन जाणे कितपत योग्य, हे जाणकारांनी सांगावे. दीड तासाच्या अंतरात, चंदगडच्या बाजूला असले तरी चालेल.

येळ्ळूर_शिवार

अक्का, आपला अनुभव वाचून अंगावर काटा आला. मुलगा सुखरूप आहे हे महत्त्वाचे.

मुलांना खडक दाखवायचा असेल तर आधी आमच्या राजहंसगडावर या. शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि गाडी वरपर्यंत येते. गडाच्या आत सिद्धेश्वराचे देऊळ आहे, विहीर आहे, आणि २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिल्यापासून सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ लागते. त्यामुळे रात्रीच्या मुक्कामाचा विचार तिथे करूच नका. ते देवस्थान आणि ऐतिहासिक ठिकाण आहे, तंबूची जागा नव्हे. परंतु तटावरून खाली पाहिले की उत्तरेकडची काळी जमीन आणि पश्चिमेकडचे तांबडे डोंगर यांतला फरक मुलांना एका नजरेत दाखवता येतो. आमच्या शिवारातला बासमती आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर येणारी मसूर ही त्या काळ्या जमिनीची देणगी आहे, आणि ती जमीन त्या काळ्या खडकाची.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपले शेजारचे देसूर गाव भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. दख्खनच्या लाव्हाथरांना ज्या ज्या ठिकाणी ते नीट ओळखू आले त्या ठिकाणांची नावे दिलेली आहेत. त्यांत आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा यांच्या वरच्या थराला देसूरचे नाव आहे. रेल्वेने देसूर स्टेशनवरून रोज जाणाऱ्यांनाही हे माहीत नसते.

गोकाक_रोड

दगडच पाहायचा असेल तर गोकाकच्या धबधब्याइतका भव्य दगड आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही. नोव्हेंबरात गर्दीही कमी असते. तिथेच घेऊन जा की मुलांना.

खडकवाचक

गोकाक अवश्य दाखवावे, परंतु या सहलीत नको, कारण तो खडक ज्वालामुखीचा नाही. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते ती वालुकाश्मावरून. तो कलादगी खोऱ्यातला गाळाचा खडक आहे आणि आपल्या लाव्हापेक्षा कितीतरी पटींनी जुना आहे. मुलांना एकाच दिवशी दोन्ही दाखवले तर त्यांचा गोंधळ होईल. दोन वेगळ्या सहली करा. दुसऱ्या सहलीत मीही येईन.

मी अनेक वर्षे भूगोल शिकवला आहे, म्हणून धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे थोडे सविस्तर वळतो. 'ज्वालामुखी' म्हटले की मुले शंकूसारखा डोंगर काढतात आणि त्याच्या तोंडातून धूर काढतात. आपल्याकडे तसे घडलेले नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा एकामागून एक थरांनी पसरत गेला. आज उरलेले हे पठार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचे आहे. महाराष्ट्रात पश्चिम घाटाजवळ या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते, आणि दक्षिणेकडे येता येता ती पातळ होत आपल्या जिल्ह्यात संपते. खानापूरच्या दक्षिणेला गेलात की पायाखाली फार जुने, वेगळ्या जातीचे खडक येऊ लागतात. म्हणजे आपण एका प्रचंड भाकरीच्या कडेवर राहतो, आणि कडेवर भाकरी पातळ असते.

आता सड्याविषयी. जांभा हा थेट लाव्हा नाही. धो धो पाऊस आणि मधला उन्हाळा यांच्या लक्षावधी वर्षांच्या आवर्तनात मूळ बेसाल्टमधली, म्हणजे आपल्या काळ्या फत्तरातली, सिलिका विरघळून वाहून गेली, आणि लोह व अॅल्युमिनियम मागे उरून घट्ट झाले. लोहामुळे तो तांबडा दिसतो. जिथे अॅल्युमिनियमचे प्रमाण फार वाढले तिथे बॉक्साइट झाले, आणि म्हणूनच चंदगड तालुक्यातल्या काही सड्यांवर खाणी निघाल्या. मुलांच्या हातात एकीकडे काळ्या फत्तराचा तुकडा आणि दुसरीकडे भोकाभोकांचा जांभा द्या आणि सांगा की हा त्याचाच म्हातारपणीचा अवतार आहे; त्यांना आयुष्यभर लक्षात राहील.

पाण्याचे उत्तरही याच खडकात आहे. जांभा सच्छिद्र असतो. सुरुवातीचा पाऊस त्याच्या भोकांत आणि भेगांत उतरतो, खाली जातो, आणि पुढे अर्धवट कुजलेल्या बेसाल्टच्या चिकण थरावर पोचला की अडतो. तिथून तो आडवा वाहत डोंगराच्या कुशीत बाहेर पडतो. म्हणून सड्याच्या माथ्यावर दिवाळीनंतर पाणी नसते, आणि त्याच सड्याच्या खाली, जिथे तांबडा उभा कडा संपून झाडी सुरू होते तिथे, झरा असतो. जुनी देवळे, देवराया आणि वस्त्या या झऱ्यांच्या ओळीवर बसलेल्या दिसतील. निव्वळ बेसाल्टच्या डोंगरातही दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो आणि पुष्कळदा त्याच्या वरून पाणी पाझरते. धागाकर्तीने फुलांपायी जो निष्कर्ष काढला, तोच पाण्याच्या बाजूनेही निघतो. मुक्काम खाली, झऱ्याच्या ओळीजवळ, परंतु झऱ्यापासून साठ-सत्तर पावले दूर करावा, म्हणजे खरकटे आणि साबण पाण्यात जाणार नाही.

खानापूरकर

खडकवाचक सरांचे लिहिणे वाचून समाधान वाटले. मी कायद्याची बाजू मांडतो, कारण तिच्यात घोटाळा झाला तर सहल पोलिस ठाण्यात संपते.

आमच्या तालुक्यात जंगल पाहून लोक कुठेही गाडी थांबवतात आणि तंबू काढतात. भीमगड हे डिसेंबर २०११ पासून अभयारण्य आहे आणि त्याचे क्षेत्र १९० चौरस किलोमीटर आहे. म्हादई इथूनच निघते, आणि बारापेडेच्या गुहांतली रॉटनची वटवाघळे जगात फारच थोड्या ठिकाणी आढळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे हाच गुन्हा आहे, मग राहणे आणि चूल पेटवणे दूरच. अभयारण्याबाहेरचे राखीव जंगल हेही आपले अंगण नव्हे. तिथे राहायचे असेल तर वनखात्याने स्वतः चालवलेली किंवा मान्यता दिलेली निवासस्थाने आहेत आणि त्यांचे आरक्षण आधी करावे लागते. गेल्या काही पावसाळ्यांत इथल्या धबधब्यांकडे जाण्यासही वनखात्याने बंदी घातली, कारण घसरून आणि वाहून जाऊन माणसे दगावली. ती बंदी लोकांना जाचक वाटते, पण प्रेत शोधायला रात्री रानात उतरावे लागणारी माणसे आमच्याच गावांतली असतात, हे लक्षात घ्यावे.

राहता राहिली खासगी जमीन. तिथे मालकाची परवानगी पुरते, परंतु तीही तोंडी न ठेवता त्याच्यासमोर जागा पाहून घ्यावी. रानाला लागून असलेल्या शेतात कुठपर्यंत त्याची हद्द आहे आणि कुठून वनखात्याची सुरू होते हे त्यालाच ठाऊक असते. एकदा आमच्या पाहुण्यांनी वीस पावलांच्या फरकाने दंड भरला आहे.

अनगोळ_नाका

सर्वांचा मान राखून थोडे वेगळे लिहितो. आमचे वडील आणि चुलते चाळीस वर्षांपूर्वी खांद्यावर घोंगडे टाकून कणकुंबीकडे जात आणि सड्यावर आकाशाखाली झोपत. धनगर तर पिढ्यान्पिढ्या रानातच राहत आले आहेत. तेव्हा फुले संपली नाहीत. आज चार शहरी कुटुंबांनी एक रात्र काढली तर डोंगर झिजेल असे मला वाटत नाही. इतके नियम घातले तर पुढची पिढी घराबाहेर पडणारच नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

माळावरची_वाट (धागाकर्ती)

दादा, तुमची काळजी माझीही आहे, नाही तर मी मुलांना घेऊन निघालेच नसते. परंतु दोन गोष्टी पाहा. तुमचे वडील आणि चुलते दोघे होते, घोंगड्यावर झोपले आणि सकाळी निघून गेले. आता एखाद्या सड्याचे चित्र मोबाइलवर फिरले की पुढच्या रविवारी तिथे चाळीस गाड्या येतात, आणि त्या गाड्या सड्यावरच उभ्या राहतात. कासच्या पठारावर दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडावे लागते, ते याचमुळे. आणि ते पठारही जांभ्याचेच आहे.

दुसरे म्हणजे धनगरवाडे. मी आठवून आठवून पाहिले. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर आणि चंदगडकडे मी जे धनगरवाडे पाहिले आहेत, त्यांतला एकही उघड्या सड्यावर नाही. सगळे सड्याच्या कडेखाली, झाडीत, वाऱ्याच्या आडोशाला आणि पाण्याजवळ आहेत. गुरे सड्यावर चरायला जातात आणि संध्याकाळी खाली येतात. रानात जन्म काढलेल्या माणसांनी मुक्कामाची जागा कोणती निवडली, हे पाहिले तर तेच आपले उत्तर आहे असे मला वाटते.

अनगोळ_नाका

धनगरवाड्यांचा मुद्दा पटला. मी तसा विचार केला नव्हता.

सध्या_ओकलंडमध्ये

मी मूळची शहापूरची, सध्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात राहते. धागा वाचून राहवले नाही, कारण माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत असलेल्या डोंगरावर असेच एक ज्वालामुखीचे राखीव रान आहे आणि तिथे आम्ही तंबूत राहिलो आहोत. त्याचे नाव सिब्ली. या भागातल्या प्रादेशिक उद्यानांची सुरुवात १९३६ मध्ये ज्या तीन उद्यानांनी झाली, त्यांतले ते एक आहे.

तिथला ज्वालामुखी सुमारे १ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या मानाने अगदी पोरसवदा. पण त्याची गंमत वेगळी आहे. भूकंपाच्या भेगांलगत जमीन सरकत आणि दुमडत गेल्यामुळे तो आख्खा ज्वालामुखी आडवा झाला आहे. त्यातच तिथे पूर्वी दगडाच्या खाणी होत्या. त्यामुळे जो भाग एरवी जमिनीच्या पोटात राहिला असता, तो चालता चालता शेजारी उभा दिसतो. वाटेवर क्रमांकांचे खांब आहेत आणि हातात पत्रक घेऊन माणूस एकेका खांबापाशी थांबून खडक वाचू शकतो. सोडलेल्या खाणींच्या तळाशी कोणी कोणी दगडांची चक्रव्यूहासारखी रिंगणे मांडली आहेत. राउंड टॉप हे तिथले शिखर १,७६३ फूट आहे, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने आपल्या बेळगाव शहराहूनही ठेंगणे.

मला सांगायचे आहे ते तिथल्या मुक्कामाच्या पद्धतीविषयी. जागा ठरलेली असते, ती आधी आरक्षित करावी लागते, आणि शिखरावर किंवा खडकांच्या मधोमध मनाला येईल तिथे तंबू लावता येत नाही. शेकोटी नाही, कारण उन्हाळ्यात तिथले गवत वाळून कोरडे होते आणि या डोंगरांच्या आगीत शहराने घरे आणि माणसे गमावली आहेत. सुरुवातीला मला ते फार कोरडे वाटले होते. शेकोटीवाचून कसली रात्र, असे मी नवऱ्याला म्हणालेही होते. पण दिवे मालवल्यावर खाली शहराचा उजेड, पाठीमागे काळोखा डोंगर आणि मधे आम्ही, असे बसलो तेव्हा मुलीने आपण होऊन विचारले की आजोबांच्या गावचा दगडही असाच आहे का. मी तिला देसूरचे नाव सांगू शकले नाही, कारण ते मला आज इथे कळले. येळ्ळूरकर काका, त्यासाठी आपले आभार.

आपल्याकडेही राजहंसगडाच्या वाटेवर अशा क्रमांकांच्या खांबांची आणि दोन पानी मराठी-कन्नड पत्रकाची सोय झाली तर किती बरे होईल. त्याला फार पैसा लागत नाही.

आरोग्यसेविका

ताई, रजा मिळाली की मीही येईन, परंतु आधी एक सूचना गांभीर्याने घ्यावी. आपल्या पट्ट्यात माकडताप आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला. २०१६ च्या सुमारास शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागांत त्याने माणसे दगावली. तो गोचिडांपासून होतो. पाऊस संपून पाचोळा वाळला की लहान गोचिडी वाढू लागतात, आणि डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ असतो. आपण नोव्हेंबर म्हटले आहे ते योग्य आहे. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलू नका.

झाडाखालच्या पाचोळ्यावर बसू किंवा झोपू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजमा मोज्यांत खोचावा, आणि सकाळी मुलांच्या काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि कानांमागे नीट पाहावे. माकड मरून पडलेले दिसले तर त्याच्या जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात राहिल्याचे आपण होऊन सांगावे.

फुरशाविषयी इतकेच की सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. तो अवयव न हलवता माणसाला थेट मोठ्या रुग्णालयात आणावे. गाडीचे तोंड रस्त्याकडे करून ठेवावे आणि चावी कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असावे. सीमेवर मोबाइल कधी या राज्याचा तर कधी त्या राज्याचा मनोरा पकडतो, त्यामुळे जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांक कागदावर लिहून घेतलेला बरा.

चंदगडी

तुमच्या अंतरात बसेल अशी जागा सुचवतो. शिनोळीवरून देवरवाडीला या. वैजनाथाचे देऊळ बेळगावकरांना सांगायला नको. तिथून वर महिपाळगड. गडाच्या आतच गाव नांदते आहे, त्यामुळे माणसांची सोबत आहे, रस्ता आहे, आणि अडीनडीला हाक मारली तर ओ देणारे कोणी आहे. बेसाल्टचे काळे कडे आणि त्यावरची तांबडी जांभ्याची टोपी दोन्ही या डोंगररांगेत पाहायला मिळतात. गडावर तंबू नको. खाली आमच्या शेतात लावा.

तारीख मात्र आम्हाला विचारून ठरवा. नोव्हेंबराच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे भाताची सुगी असते. तेव्हा शेतात पाय ठेवायला जागा नसते आणि आम्हाला पाहुण्यांकडे पाहायला सवड नसते. मळणी आटोपून पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, रचले की, म्हणजे साधारण २० तारखेनंतर, भाताचे वाफे मोकळे होतात. त्यांना बांध असल्यामुळे वारा अडतो, खाली माती असल्यामुळे खुंटी बसते, आणि झाडाचा पाचोळाही नसतो. कापलेल्या धाटांची खुंटे पाठीला टोचतात. त्यावर पिंजराचा हातभर थर दिला की गादीची गरज नाही. पिंजर आम्ही देऊ, पण त्याच्या जवळपास आग नको, सिगारेटसुद्धा नको. वर्षाची वैरण असते ती.

हत्तींचेही सांगतो. दांडेलीच्या रानातून २००२ च्या सुमारास हत्ती इकडे उतरले, तेव्हापासून चंदगड-आजरा भागात त्यांचा वावर आहे. ऊस, केळी आणि भाताची पोती ही त्यांची ओढ. तंबूत केळी, गूळ, फणसपोळी ठेवू नये. मुक्कामाच्या आधी दोन दिवस मी आसपास विचारपूस करीन, आणि कळप जवळ आहे असे कळले तर मुक्काम रद्द करावा लागेल. तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नये. गव्यांना घाबरण्याचे कारण नाही, मात्र एकटा गवा दिसला तर त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे.

खडकवाचक

जागा उत्तम आहे. एक पुरवणी जोडतो. चुलीसाठी ओढ्यातले ओले दगड घेऊ नका. खडकाच्या पोकळ्यांत आणि भेगांत अडकलेल्या पाण्याची आचेने वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. स्वयंपाक घराच्या अंगणातल्या चुलीवर किंवा गॅसच्या शेगडीवर करावा.

धागाकर्तीने सड्यावर मुलांना न्यायचे ठरवलेच आहे, म्हणून हेही लिहितो. नोव्हेंबराच्या अखेरीस सडा वाळून गवताच्या रंगाचा झालेला असेल आणि 'आता इथे काहीच नाही' असे वाटेल. परंतु ऑक्टोबरातल्या त्या इवल्या झाडांचे बी याच दिवसांत त्या नखभर मातीत पडते आणि पुढच्या मृगापर्यंत तिथेच थांबते. म्हणून वाळलेल्या सड्यावरही मळलेल्या पायवाटेनेच, एकामागे एक चालावे. दगड उलटू नयेत, उलटलाच तर होता तसा ठेवावा. त्याखाली विंचू, पाली, बेडूक यांचा उन्हाळा काढण्याचा मुक्काम असतो. आंबोलीचा एक भेक तर सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांतच अंडी घालतो आणि त्याची जगातली सारी वस्ती तेवढ्याच मुलुखात आहे.

माळावरची_वाट (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चारही घरांची बैठक झाली आणि पुढीलप्रमाणे ठरले आहे.

शनिवारी सकाळी प्रथम राजहंसगड. येळ्ळूरकर काकांनी सोबत येण्याचे कबूल केले आहे. तटावरून काळी आणि तांबडी जमीन पाहायची, वाटेत देसूर स्टेशनच्या पाटीखाली मुलांचा एक फोटो काढायचा. दुपारनंतर शिनोळीमार्गे देवरवाडी. मुक्काम चंदगडी दादांच्या शेतात, मळणी झाल्यावर, २० तारखेनंतरच्या शनिवारी. नेमका दिवस त्यांचा निरोप आल्यावर कळवीन. हत्तींचा निरोप आला तर रात्री घरी परतायचे, याची मुलांना आधीच कल्पना दिली आहे. तंबू पाच. रात्रीचे जेवण दादांच्या घरच्यांनी करतो म्हटले आहे. नाचणीची भाकरी, मसुरीची उसळ आणि भात. तांदूळ आणि मसूर आम्ही बेळगावाहून नेऊ, आणि त्यांच्या कष्टाचे पैसे आधीच ठरवून देऊ. शेकोटी नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला उठून पायवाटेने सड्यावर जायचे आणि उन्हे तापायच्या आत खाली उतरायचे. खडकवाचक सर तिथे मुलांना दोन्ही दगड हातात देतील. ते दगड रस्त्याच्या कामातून पडलेल्या ढिगातले आणायचे असे त्यांनीच सुचवले आहे, म्हणजे सड्यावरून काही उचलावे लागणार नाही.

ओकलंडच्या ताईंनी सुचवलेल्या पत्रकाचे काम माझ्या मुलाने अंगावर घेतले आहे. मराठी मजकूर सर तपासतील. कन्नड भाषांतरासाठी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिका तयार झाल्या आहेत. पहिल्या पानावर काय असावे, असे मी त्याला विचारले. त्याने एक उचललेला दगड काढला आहे, खाली फुरशाचे वेटोळे काढले आहे आणि त्याखाली 'हा दगड जिथे आहे तिथेच राहू द्या' असे लिहिले आहे.

आरोग्यसेविका ताई, रजेचे कळवा. गाडीत एक जागा ठेवली आहे.